पिपची कानस

'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' १८६०-६१ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. समीक्षक मिस हॅविशॅमच्या थांबलेल्या घड्याळांपाशी रेंगाळतात. आम्हांस मात्र जो लोहाराची कानस अधिक बोलकी वाटते. पळालेल्या कैद्यासाठी पिप ती चोरतो. पुढे गुत्त्यात एक अनोळखी इसम त्याच कानशीने पेला ढवळतो, आणि ते पिपलाच तेवढे दिसते. बहिणीवर हल्ला होतो, शेजारी कापलेली बेडी सापडते. हत्यार आपणच पुरवले, असे त्याला वाटते. लंडनमध्ये 'सभ्य गृहस्थ' झालेल्या पिपला लोहारकामाची लाज वाटते. त्या सभ्यपणाचा खर्च मात्र न्यू साउथ वेल्समध्ये मेंढ्या पाळणारा तोच कैदी, मॅग्विच, भागवतो. जन्मठेपेच्या हद्दपारीतून परतणाऱ्यास १८३४ पर्यंत देहान्ताची शिक्षा होती. तरीही तो पिपला पाहायला परततो.