वासराचा देश, लोकांची भाषा

'इटली' या नावात एक वासरू दडलेले असावे. प्राचीन दक्षिण इटलीतल्या ऑस्कन भाषेत या भूमीचे नाव 'वितेलिऊ' असे आढळते. इ.स.पू. ९१ ते ८८ या काळात इटालिक जमाती रोमविरुद्ध उठल्या, तेव्हा त्यांनी पाडलेल्या नाण्यांवर हे नाव आहे. काही नाण्यांवर तर रोमच्या लांडग्याला शिंगांवर घेणारा बैलही आहे. लॅटिनमध्ये वासराला 'वितुलुस' म्हणतात. ग्रीकांच्या तोंडी आरंभीचा 'व' गळून 'इतालिया' उरले असावे. आता 'वितुलुस'चा संस्कृतातला भाऊबंद पाहा: 'वत्स'! दोघांच्याही मुळाशी 'वर्ष' असा अर्थ दिसतो; 'वत्सर', 'संवत्सर' त्याच घरातले. म्हणजे वत्स हे मूळचे वर्षाच्या आतबाहेरचे पोर. 'वत्सरूपा'चे प्राकृतातून घासत घासत आपले 'वासरू' झाले. ही व्युत्पत्ती सर्वांनाच पटलेली नाही, पण ती खरी असेल तर गॅरिबाल्डीचा देश आणि आपल्या गोठ्यातले वासरू एकाच कुळीचे ठरतात.

हे नाव आरंभी द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकापुरतेच होते. ते सरकत सरकत आल्प्सपर्यंत गेले. काही झाले तरी ते भूमीचे नाव. म्हणूनच १८४७ साली ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटरनिख याला इटली ही केवळ भौगोलिक संज्ञा आहे, असे म्हणता आले. वाक्य कुत्सित खरे, पण शब्दाच्या इतिहासाशी फारसे विसंगत नाही.

जर्मनांची गोष्ट उलटी. ते स्वतःला 'डॉइच' म्हणवतात आणि हे नाव भूमीचे नाही, राजाचेही नाही. जुन्या जर्मानिक भाषांत 'थेउदा' म्हणजे लोक, जमात. गॉथिकमध्ये 'थिउदा', आयरिशमध्ये 'तूआथ', लिथुएनियनमध्ये 'ताउता'. फारसी 'तूदा', म्हणजे ढीग, समूह, हाही याच गोतातला असावा, असे काहींना वाटते. संस्कृतात मात्र याचा निर्विवाद वारस दिसत नाही. 'थेउदा'पासून लॅटिन वळणाचे 'थेओदिस्कुस' झाले: लोकांची, म्हणजे लॅटिन नसलेली, भाषा. गंमत अशी की इ.स. ७८६ च्या ज्या पत्रात हा शब्द प्रथम भेटतो, तिथे धर्मसभेचे निर्णय लॅटिनमध्ये आणि लोकभाषेत वाचून दाखवले, असे म्हटले आहे. पण ती सभा इंग्लंडातली आणि ती लोकभाषा जुनी इंग्रजी! एकूण 'डॉइच'चा नेमका प्रतिशब्द 'प्राकृत' हाच म्हणावा लागेल. आपले संत मराठीला प्राकृत म्हणत, तसेच हे. त्याच शब्दाचे इंग्रजीत 'डच' झाले आणि तो हॉलंडवाल्यांना चिकटला. इटालियनमध्ये 'तेदेस्को' झाले. १८४८ साली मिलान पाच दिवस रस्त्यांवर लढले, ते या 'तेदेस्कीं'विरुद्ध, म्हणजे राडेट्स्कीच्या ऑस्ट्रियन फौजेविरुद्ध. शेजाऱ्यांनी जर्मनांना आणखीही नावे दिली. स्लाव्ह लोकांनी त्यांना 'मुके' या अर्थाचे नाव ठेवले. आपली भाषा न येणारा तो मुका, या न्यायाने 'म्लेच्छ'ही आठवावा. तेच नाव तुर्कांकडून अरबीत गेले आणि 'नम्सा' म्हणून ऑस्ट्रियाला लागले. आपल्याकडे 'जर्मन' इंग्रजीतून आला आणि थेट स्वयंपाकघरात शिरला: जर्मनची भांडी, म्हणजे ॲल्युमिनियमची.

भूमीवरून नाव घेतलेला एक देश आणि लोकांवरून नाव घेतलेला दुसरा. दोन्ही एक झाले ते दहा वर्षांच्या अंतराने. दोन्हीकडे राजाला काय म्हणावे यावर खल झाला. १७ मार्च १८६१ च्या कायद्याने व्हिक्टर इमॅन्युएल 'इटलीचा राजा' झाला. 'इटालियनांचा राजा' म्हणावे, असेही मत होते. थोड्याच दिवसांत ठरलेल्या बिरुदावलीत मात्र ईश्वरकृपेच्या जोडीला राष्ट्राची इच्छा आली, कारण १८६० ची सार्वमते गाठीशी होती. जर्मनीत १८४९ साली फ्रँकफुर्टच्या सभेने देऊ केलेला मुकुट प्रशियाच्या फ्रेडरिक विल्यमने नाकारला. लोकांच्या हातचा मुकुट त्याला नको होता. १८ जानेवारी १८७१ रोजी व्हर्सायला त्याच्या भावाने, विल्हेल्मने, सम्राटपद घेतले ते राजेरजवाड्यांच्या हातून. विल्हेल्मला 'जर्मनीचा सम्राट' व्हायचे होते. तशाने इतर राजांच्या मुलखावर हक्क सांगितल्यासारखे होते, म्हणून त्याचा मुख्यमंत्री बिस्मार्क याने 'जर्मन सम्राट' हे विशेषणाचे रूप पुढे केले. वाद मिटेना, तेव्हा बाडेनच्या ग्रँड ड्यूकने नुसताच 'कैसर विल्हेल्म'चा जयघोष केला.

'कैसर' म्हणजे सीझरच. लॅटिनमधला जुना 'क' जर्मनांनी राखला, तसाच अरबी-फारसीतल्या 'कैसर'नेही. तो रोमच्या, म्हणजे 'रूम'च्या, बादशहाचा किताब. म्हणून १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत व्हिक्टोरिया 'कैसर-इ-हिंद' झाली, तेव्हा हा शब्द बर्लिनहून नव्हे, तर फारसीच्या वाटेने आला असावा.

आता आपला 'राष्ट्र' शब्द. इंग्रजी 'नेशन' ज्यापासून आला तो लॅटिन 'नातिओ' हा जन्मवाचक. त्याचे सख्खे नाते 'जन्', 'जाति' यांच्याशी. बंगालीत नेशनला 'जाति' म्हणतात, ते व्युत्पत्तीला धरूनच आहे. 'राष्ट्र' मात्र 'राज्' धातूचे, म्हणजे सत्तेचे अपत्य. आणि जर्मन 'राइख', म्हणजे साम्राज्य, हा केल्टिक वाटेने आलेला शब्दही 'राजन्', लॅटिन 'रेक्स' यांच्या घरातला. म्हणजे 'राष्ट्र' हे नेशनपेक्षा राइखचे अधिक जवळचे! तरीही इटलीच्या एकीकरणाचा पुरस्कर्ता मॅझिनी याचे आत्मचरित्र सावरकरांनी मराठीत आणले आणि ते १९०७ साली प्रसिद्ध झाले, तोवर हा शब्द मराठीत राजाकडून लोकांकडे पुरता सरकला होता, असे दिसते. शब्दाचे कूळ त्याचे भवितव्य ठरवत नाही, हाच याचा अर्थ.

जर्मनांचे 'डॉइच' मात्र लोकांपासून निघूनही लोकांकडे उशिरा पोचले. बर्लिनच्या राइखस्टागची, म्हणजे संसदेची, इमारत १८९४ साली पुरी झाली. तिच्या दर्शनी भागावर 'जर्मन लोकांस' ही अक्षरे बसली १९१६ साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत. नेपोलियनशी झालेल्या लढायांत हाती आलेल्या फ्रेंच तोफांच्या धातूतून ती ओतली होती. आणि मुळापर्यंत जाऊन वाचली, तर त्यांचा अर्थ एवढाच होतो: लोकांच्या लोकांस.