साथीचा कायदा आणि व्यक्तीचा हक्क : नरसिंहपूर, पुणे व पंढरीची वाट

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकास, इंदापूर तालुक्यात, नीरा आणि भीमा या नद्यांचा संगम होतो. या संगमावर वसलेले नरसिंहपूर हे लक्ष्मीनृसिंहाचे क्षेत्र म्हणून महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. अनेक घराण्यांचे हे कुलदैवत असून विंचूरकर सरदारांच्या आश्रयाने येथील मंदिरास वैभव प्राप्त झाले. वैशाख शुद्ध चतुर्दशीस येथे नृसिंहजयंतीचा उत्सव होतो. नीरेपलीकडे माळशिरस व भीमेपलीकडे माढा हे सोलापूर जिल्ह्याचे तालुके लागतात. संगमानंतरची भीमा पुढे पंढरपुरास जाऊन चंद्रभागा म्हणवून घेते. नीरेच्या वरच्या अंगास, याच तालुक्यातील सराटी येथे, तुकोबांच्या पादुकांस नदीत स्नान घडते व पालखी अकलूजच्या दिशेने सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते. माणसांची ये-जा हाच ज्या भूभागाचा प्राण, असा हा परिसर आहे. साथीच्या रोगाविरुद्ध शासन जेव्हा उपाय योजू लागते तेव्हा पहिला आघात होतो तो या ये-जा करण्यावरच. म्हणून सार्वजनिक आरोग्य आणि व्यक्तीचे हक्क यांच्या परस्परसंबंधाचा विचार राजधानीतील कचेरीतून न करता अशा एखाद्या संगमावरून करून पाहणे उपयुक्त ठरेल.

या प्रश्नाचा महाराष्ट्रातील आद्य आणि सर्वांत तीव्र प्रसंग म्हणजे १८९७ सालचा पुण्यातील प्लेग. त्याची हकीकत सामान्यतः दोन प्रकारे सांगितली जाते. एका पक्षाच्या मते तो शास्त्र आणि अडाणीपणा यांचा झगडा होता. दुसऱ्या पक्षाच्या मते तो परकी जुलूम आणि स्वाभिमान यांचा. दोन्ही मांडण्यांत तथ्यांश आहे, परंतु दोन्हींतून एक महत्त्वाची गोष्ट निसटते. त्या वेळी वाद सक्ती असावी की नसावी एवढाच नव्हता. सक्ती करणाऱ्याने जाब कोणास द्यावयाचा, हा खरा वाद होता.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. हाँगकाँगमध्ये या रोगाच्या जंतूचा शोध लागून तेव्हा अवघी दोन वर्षे झाली होती. रोग बंदरातून युरोपात जाईल या भीतीने परदेशी सरकारांचा दबाव वाढत होता. १८९७ च्या आरंभी व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्यपरिषद भरली आणि त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाटही सरकारने बंद केली. अशा वातावरणात ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा आपल्या विधिसंहितेतील अत्यंत त्रोटक कायद्यांपैकी एक होय.

त्रोटकपणा हा दोष नव्हे. परंतु या कायद्याची वाक्यरचना भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने एकदा तरी बारकाईने पाहावी अशी आहे. दुसऱ्या कलमानुसार, प्रचलित कायदा अपुरा आहे असे सरकारास वाटल्यास सरकारास ज्या आवश्यक वाटतील त्या उपाययोजना सरकार करू शकते, आणि जाहीर सूचनेने तात्पुरते नियम घालून देऊ शकते. ते नियम जनतेस, एखाद्या व्यक्तीस किंवा व्यक्तींच्या एखाद्या वर्गास लागू करता येतात. ‘वाटणे’ या क्रियापदाचा कर्ता सर्वत्र एकच आहे. ते वाटणे योग्य होते किंवा नाही, हे तपासणारा दुसरा कोणी कर्ता कायद्यात येतच नाही. रेल्वेप्रवाशांची तपासणी, रोगाचा संशय असलेल्यांस इस्पितळात किंवा तात्पुरत्या जागेत वेगळे ठेवणे, यांचा उल्लेख स्पष्ट आहे. नियमभंगास शिक्षा आहे. सद्हेतूने कृती करणाऱ्या अधिकाऱ्याविरुद्ध दावा चालणार नाही, असे चौथे कलम सांगते. खर्च कोणी सोसावा हे ठरविण्याचा अधिकारही सरकारासच आहे, आणि त्या ठिकाणी कंसात नुकसानभरपाईचा निर्देश येतो; पण तो ‘असल्यास’ या शब्दासह. ज्याचे अंथरूण-पांघरूण जाळले, ज्याची जमीन उकरली, त्याच्या संबंधात कायद्याने उच्चारलेला एवढाच काय तो शब्द. व्यक्तीचा हक्क या कायद्यात एका कंसात आणि तोही संकेतार्थाने वावरतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पुण्यात प्लेग कमिटीचे अध्यक्ष म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. १३ मार्च १८९७ रोजी घरोघर तपासणीचे काम सुरू झाले व ते १९ मेपर्यंत चालले. त्यासाठी सुमारे ९०० अधिकारी व शिपाई कामास लावण्यात आले. रोग्यांस इस्पितळात आणि त्यांच्या संबंधितांस वेगळ्या छावणीत हलविण्यात येई; घरे जंतुनाशकांनी धुतली जात. न्यायाच्या दृष्टीने हेही नमूद केले पाहिजे की, लोकांच्या चालीरीतींचा मान राखण्याविषयी कमिटीच्या सूचना होत्या, आणि संकट काल्पनिक नव्हते. तपासणी सुरू होण्यापूर्वी तीनच दिवस, १० मार्च रोजी, सावित्रीबाई फुले यांचा प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असता त्याच रोगाने अंत झाला होता. पुढील सुमारे दोन तपांत या रोगाने हिंदुस्थानात १ कोटीहून अधिक माणसे नेली. ज्याला सक्तीचा तिटकारा आहे त्यानेही हा आकडा नजरेआड करू नये.

मग बिघडले कोठे? येथे मराठीतील दोन शब्द साहाय्यास येतात : ‘तपासणी’ आणि ‘झडती’. दोन्हींत घरात शिरून पाहणे आहे. परंतु तपासणी होते ती रोग्याची, हिशेबाची, शाळेची. झडती होते ती संशयिताची. तपासणीत तपासला जाणारा आणि तपासणारा यांचे हित एक असू शकते, झडतीत ते एक नसते. कमिटी जिला तपासणी समजत होती ती पुणेकर गृहस्थाच्या अनुभवास झडती म्हणून आली, कारण दारात जो उभा होता तो वैद्य नसून गोरा सोल्जर होता. हा केवळ भावनेचा प्रश्न नव्हता. शिपायाच्या वर्तनाविषयी तक्रार करावयाची ती त्या शिपायाला नेमणाऱ्या कमिटीपुढेच. स्त्रियांच्या मर्यादेचा हेतुपुरस्सर भंग झाल्याची विश्वसनीय तक्रार आली नाही, असे समाधान रँडने आपल्या अहवालात व्यक्त केले आहे. तक्रार ‘विश्वसनीय’ की अविश्वसनीय हे ठरविणारा कोण, हा प्रश्न मात्र त्या अहवालास पडलेला नाही.

याच प्रश्नाने गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्या संयमी पुरुषासही अडचणीत आणले. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडात गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तेथे सोल्जरांच्या अत्याचारांविषयी आरोप प्रसिद्ध केले. परत आल्यावर पुरावा मिळेना. पत्रलेखकांची नावे उघड करणे त्यांना शक्य नव्हते. त्यांनी बिनशर्त माफी मागितली. या माफीबद्दल गोखल्यांवर पुष्कळ टीका झाली आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने गोखल्यांच्या धैर्याचे मोजमाप करीत बसण्यापेक्षा साक्षीदार पुढे का आले नाहीत, याचा विचार करावा. ज्या गावात तक्रार ऐकणारे स्वतंत्र पीठ नाही तेथे तक्रार करणाऱ्याने प्रतिष्ठा आणि सुरक्षितता दोन्ही पणास लावावयाची असतात. विशेषतः स्त्रीच्या बाबतीत, आरोप सिद्ध करणे म्हणजेच दुसरी विटंबना होती.

टिळकांची भूमिका या दृष्टीने लक्षणीय आहे. पुढारी म्हणविणारे अनेकजण शहर सोडून गेले असता ते पुण्यात राहिले आणि हिंदू प्लेग इस्पितळाच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. रोग्यास वेगळे ठेवण्याचे तत्त्व त्यांना अमान्य नव्हते. सोल्जरांकरवी घराघरांत शिरणे आणि लोकांच्या गाऱ्हाण्यांस वाट नसणे, यांवर त्यांचा रोख होता. २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट तत्काळ आणि रँड ३ जुलै रोजी मरण पावला. सप्टेंबरात ‘केसरी’तील लेखनाबद्दल टिळकांस १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. १८ एप्रिल १८९८ रोजी दामोदर चापेकर फाशी गेले. हा सर्व भाग सुपरिचित असल्याने त्याचा विस्तार करण्याचे प्रयोजन नाही. एवढेच म्हणावेसे वाटते की, पुढे या हत्येच्या तेजात वा छायेत मूळ प्रश्न झाकोळून गेला. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली तेव्हा तेथे चापेकर नव्हते की ‘केसरी’ नव्हता; प्रश्न मात्र तोच होता.

सक्तीच्या मागचे ज्ञान किती पक्के होते, हाही विचार आवश्यक आहे. १८९७ मध्ये रोगजंतू माहीत होता, परंतु तो माणसापर्यंत कसा पोचतो हे ठाऊक नव्हते. उंदरावरील पिसवांचा संबंध सिमाँ याने १८९८ मध्ये दाखविला, आणि त्यास सर्वमान्यता मिळण्यास पुढील दशक उजाडावे लागले. म्हणजे भिंती धुणे, जमिनी उकरणे आणि अंथरुणे जाळणे यांतील बराच भाग अपुऱ्या समजुतीवर उभा होता. अज्ञान हा गुन्हा नव्हे. त्या काळी जगात कोणासच अधिक ज्ञान नव्हते. परंतु ज्ञान जितके अपुरे तितकी सक्ती सौम्य आणि फिरविता येण्याजोगी असावी, हा विवेक सुटला होता. प्लेगवरील लस हाफकिन यांनी १८९७ च्या जानेवारीत प्रथम स्वतःस टोचून घेतली, ही गोष्ट त्या पार्श्वभूमीवर उठून दिसते.

खेड्यापाड्यांतील चित्र काहीसे वेगळे होते, आणि येथे पुन्हा नीरा-भीमेच्या मुलखाकडे वळणे इष्ट ठरेल. महाराष्ट्रातील गावांनी प्लेगच्या वर्षांत एक उपाय स्वतःच अंगीकारला : उंदीर मरू लागले की गाव सोडावयाचे आणि माळावर किंवा शेतात झोपड्या घालून राहावयाचे. चार-दोन महिन्यांनी गाव पुन्हा भरे. सरकारी छावणीत जाण्यास प्राणपणाने विरोध करणारा समाज स्वतःच्या शेतातील झोपडीत मात्र बिनतक्रार जाई. दोन्हींत घर सुटत होतेच, कामधंद्याची खोटीही होत होती. फरक असा की, झोपडीत कुटुंब एकत्र राही, चूल आपली असे, आणि केव्हा परतावयाचे हे गाव ठरवी. पुढे सरकारी वैद्यकानेही गाव मोकळे करण्याचा हा उपाय अत्यंत परिणामकारक म्हणून मान्य केला. कारण त्याने माणूस उंदरापासूनच दूर जात होता. अर्थात या चित्राचे उदात्तीकरण करू नये. ज्याला शेत नाही त्याची झोपडी कोठे, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीला या निर्णयात किती वाव होता, हे प्रश्न गावाच्या संमतीलाही विचारले पाहिजेत.

पालखीचे प्रकरण याहून अवघड. पंढरपूरच्या यात्रा पटकी पसरवितात हे मत एकोणिसाव्या शतकातील आरोग्याधिकाऱ्यांत रूढ होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास त्यांच्या दृष्टीने पालखी ही प्लेगचीही वाहक ठरली. मराठीत ‘साथ’ हा शब्द सोबतीलाही आहे आणि रोगाच्या फैलावालाही. संस्कृत ‘सार्थ’ म्हणजे एकत्र प्रवास करणारा तांडा, हे सोबतीच्या अर्थाचे मूळ. रोगाच्या अर्थाकडे तो कसा वळला याची चर्चा प्रस्तुत विषयाच्या कक्षेबाहेरची. परंतु वारी ही या दोन्ही अर्थांनी साथ ठरू शकते, हे नाकारता येत नाही. वारकऱ्यास जी सोबत ती आरोग्याधिकाऱ्यास संसर्गाची साखळी. दोघेही खरे बोलत असतात.

भारतीय संविधानाने या पेचाची दखल घेतली आहे. धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या अनुच्छेद २५ चा आरंभच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीनतेने होतो. संचारस्वातंत्र्यावर सर्वसाधारण जनतेच्या हितार्थ निर्बंध घालता येतात, परंतु ते ‘वाजवी’ असले पाहिजेत. १८९७ च्या कायद्यात जो दुसरा कर्ता नव्हता तो या एका विशेषणाने आणून बसविला. निर्बंध वाजवी आहे की नाही हे निर्बंध घालणारा ठरवीत नाही.

कोविडच्या काळात या व्यवस्थेची कसोटी लागली. १३ मार्च २०२० रोजी मुंबई, पुणे व अन्य काही शहरांसाठी महाराष्ट्र शासनाने १८९७ चाच कायदा लागू केल्याचे जाहीर केले. रँडच्या तपासणीची तारीखही १३ मार्चच, हा योगायोग होय. शासकीय मराठीत ‘विलगीकरण’ आणि ‘अलगीकरण’ असे दोन शब्द रुळले, पहिला रोग्यासाठी व दुसरा संशयितासाठी. जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. नरसिंहपूरसारख्या गावी जिल्ह्याची सीमा म्हणजे नदीचे पात्र, आणि पैलतीर म्हणजे सोयरीक. त्या वर्षी आषाढी एकादशी १ जुलै रोजी होती. इंदापूरच्या वाटेवर पालखी आली नाही, बेलवाडीचे रिंगण झाले नाही, सराटीला नेहमीचा सोहळा भरला नाही, पादुका एस. टी. च्या गाडीतून पंढरपुरास गेल्या. २०२१ मध्येही वारी पायी होऊ शकली नाही. त्या निर्बंधाविरुद्ध वारकरी परंपरेतील एका संस्थानाने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने ती फेटाळली. मागणी फेटाळली गेली हे खरे, परंतु ती नोंदली गेली आणि तिचा निर्णय निर्बंध घालणाऱ्याहून निराळ्या पीठाने दिला. १८९७ मध्ये पुण्याच्या कसब्यातील किंवा बुधवारातील गृहस्थाला एवढेच हवे होते.

शरीराच्या बाबतीत न्यायालयाने याहून पुढचे पाऊल टाकले. २ मे २०२२ च्या जेकब पुलियेल प्रकरणातील निकालाने शारीरिक अखंडत्व हे अनुच्छेद २१ चे अंग असल्याने कोणास लस टोचून घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे ठरविले. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी प्रमाणशीर निर्बंध घालण्याचा शासनाचा अधिकारही त्याच निकालाने मान्य केला, आणि ते प्रमाण न्यायालयाच्या तपासणीस पात्र राहील, असेही सांगितले.

मूळ कायदा मात्र तसाच राहिला. २०२० मध्ये त्यात जी दुरुस्ती झाली ती आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्यांस कठोर शिक्षा देणारी होती. तिची आवश्यकता वादातीत होती. परंतु अलग ठेवलेल्या व्यक्तीस कारण कळविणे, मुदत सांगणे किंवा अपिलाची सोय देणे यांविषयी त्या दुरुस्तीत काही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारताच्या विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात या कायद्यातील उणिवा नोंदवून त्यात व्यापक सुधारणा करावी, अथवा नवा कायदा करावा, अशी शिफारस केली. नुकसानभरपाईचा तो कंस आणि त्यातील ‘असल्यास’ हा शब्द या १८९७ च्या कायद्याबरोबरच कोविडच्या साथीपर्यंत येऊन पोचला होता.