दोह्याच्या पोटातले अल-बिद्दा

१८२३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतील आरमाराचे दोन लेफ्टनंट, गाय आणि ब्रक्स, कतारच्या पूर्व किनाऱ्यावरचे एक बंदर मोजत होते. त्यांच्या नकाशात दोन गावे शेजारी शेजारी, पण वेगळी दाखवलेली आहेत. एक अल-बिद्दा, दुसरे दोहा. सोबतच्या लेखी वर्णनात मात्र दोन्ही मिळून एकाच नावाने येतात आणि ते नाव अल-बिद्दा असे आहे. थोरले गाव बिद्दा होते, दोहा ही त्याची नवी वस्ती. आज दोहा राजधानी आहे आणि बिद्दा हा तिच्यातला एक भाग. ही अदलाबदल कशी झाली हे सांगणाऱ्या इमारती जवळजवळ राहिलेल्या नाहीत. कागद राहिले आहेत आणि त्यांतला मोठा वाटा मुंबईकडे आलेला आहे, कारण १८७३ पर्यंत आखातातला ब्रिटिश रेसिडेंट मुंबई सरकारला उत्तरदायी होता.

हे कागद वाचताना लिहिणारा तिथे कशासाठी गेला होता, हे आधी पाहावे लागते. इंग्रजीत बिद्द्याची पहिली नोंद १८०१ ची, मस्कतचा रेसिडेंट डेव्हिड सीटन याची. गावावर तोफा डागण्याच्या इराद्याने तो आला होता. तिथे नुकत्याच वसलेल्या सुदान कबिल्याला तो चाचे समजत होता. पाणी इतके उथळ निघाले की जहाज माऱ्याच्या टप्प्यात नेता येईना आणि सीटन मस्कतला परतला. त्याच्या टिपणात गावाची भूरचना आणि तटबंदी येते. ज्याला तोफ लावायची आहे तो आधी तटबंदीच पाहणार. त्यामुळे बिद्द्याचे बुरूज आपल्याला घरांच्या आधी भेटतात.

सगळ्यांत भरीव कागद आहे आर. एच. कोलब्रुक या मोजणीदाराचा, १८२० चा. एके काळी मोठे असलेले हे गाव आता ओस पडत चालले आहे, असे तो नोंदवतो. किनाऱ्याजवळ दोन चौकोनी गढ्या आहेत. गढी हा शब्द मी मराठी वाचकासाठी घातलेला नाही, कोलब्रुकनेच तो हिंदुस्थानातून तिकडे नेला आहे. या दोन्ही गढ्यांत गोडे पाणी नाही, म्हणून बेदुइनांच्या अचानक धाडीपलीकडे त्या टिकायच्या नाहीत, असा त्याचा अंदाज. तिसरी गढी दोन मैल आत, तिथे गोडे पाणी आहे आणि दोनशे माणसे मावतात. गावात उरली आहेत सुमारे २५० माणसे. बहारीनला गेलेले मूळ रहिवासी परतले तर आकडा ९०० ते १००० होईल आणि मोत्यांसाठी बुडी मारायला येणारे दवासिर कबिल्याचे लोक पुन्हा वसले तर आणखी ६०० ते ८०० वाढतील.

हे आकडे लोकसंख्या म्हणून उचलले तर घात होतो. कोलब्रुक ‘मेन’ मोजतो, म्हणजे लढू शकणारे पुरुष. बायका, मुले, म्हातारी माणसे त्यात धरलेली दिसत नाहीत. तेव्हा ओस पडलेले बिद्दासुद्धा २५० वस्तीचे खचित नव्हते. याच नोंदीतून दुसरी गोष्टही निघते. किनाऱ्यावरच्या गढ्यांत पाणी नव्हते आणि गोडे पाणी आत होते, म्हणजे पाणी वाहून आणणे हा तिथला रोजचा उद्योग असणार. तो कोण करत होते, याबद्दल कागद बोलत नाही आणि मी त्यात भर घालणार नाही.

पुढच्याच वर्षी, १८२१ मध्ये, कंपनीच्या ‘व्हेस्टल’ जहाजाने गावावर मारा केला. आखातातल्या शेखांशी झालेला १८२० चा सागरी तह मोडल्याची ही शिक्षा होती. लोकांना मात्र आपण कोणता तह मोडला याची कल्पनाच नव्हती. तीन-चारशे माणसे बेटांकडे पळाली. जानेवारी १८२३ मध्ये रेसिडेंट जॉन मॅक्लाउड येऊन अल-बुऐनैन कबिल्याचा प्रमुख बुहुर बिन जुब्रुन याला भेटला, तेव्हा मात्र बिद्दा हेच या द्वीपकल्पावरचे एकमेव भरीव व्यापारी बंदर असल्याची नोंद त्याने केली. दोन वर्षांत गाव पुन्हा उभे राहिले होते. माझ्या मते या सगळ्या दप्तरातली सर्वांत मोलाची नोंद ही आहे, कारण इथे माराही दिसतो आणि त्यानंतर परतून घर बांधणारी माणसेही दिसतात.

१८२८ मध्ये बहारीनच्या अल-खलिफांनी बुऐनैनांची गढी पाडली आणि त्यांना उत्तरेला हुसकावले. १८४७ च्या लढाईनंतर गावच पाडण्यात आले. १८६७ मध्ये बहारीन आणि अबू धाबीच्या फौजांनी दोहा आणि परिसर लुटला. त्यामुळे ‘बिद्द्याची जुनी गढी’ असे कोणी लिहिले की मी आधी विचारतो, कोणत्या सालची? कोलब्रुकने पाहिलेल्या भिंती नंतरच्या साक्षीदारांनी पाहिल्या, असे धरून चालता येत नाही. प्रत्येक कागद त्याच्या तारखेपुरताच खरा.

१८७१ मध्ये दोन्ही गावांतले वेगळेपण अजून जिवंत होते. उस्मानी सुलतानाचा झेंडा आला तेव्हा दोह्यातल्या शेख मुहम्मद बिन थानींनी आपला झेंडा बदलला नाही. १८६८ साली ब्रिटिश रेसिडेंट लुईस पेली याच्याशी करार केलेले ते हेच. त्यांचा मुलगा जासिम याने मात्र बिद्द्यातल्या आपल्या घरावर उस्मानी झेंडा चढवला. बाप एका गावात, मुलगा दुसऱ्यात, आणि दोन घरांवर दोन झेंडे. त्या वर्षअखेर तुर्की फौज आली आणि १९१५ पर्यंत राहिली. तिचा तळ बिद्द्याच्या किल्ल्यात होता.

याच उस्मानी काळातल्या व्यवहारांचा सारांश १९०४ मध्ये जे. ए. सालदान्हा यांनी तयार केला. ते मुंबई इलाख्याच्या प्रांतिक नोकरीतले अधिकारी होते. ब्रिटिशांचा आखाती पत्रव्यवहार त्यांनी विषयवार लावून दिला. नंतरच्या अनेक इतिहासकारांनी त्याच वाटेने प्रवास केला, नाव मात्र बहुधा गॅझेटियर लिहिणाऱ्या जे. जी. लॉरिमरचेच घेतले जाते.

लॉरिमरच्या त्या १९०८ च्या गॅझेटियरमध्ये दोन्ही गावांचा विलय पुरा झालेला दिसतो. समुद्राकाठी जवळपास दोन मैल पसरलेले एकच शहर, त्यात पूर्वेकडून मोजलेले नऊ फरीक, म्हणजे मोहल्ले. तुर्की शिबंदीचे ३५० सैनिक धरून वस्ती सुमारे १२,०००. बिद्दा आता त्या नवांतला एक. गल्ल्या अरुंद, घरे लहान, झाडे नाहीत, एकच छोटी बाग आणि तीही किल्ल्याजवळ सैनिकांनी राखलेली. लॉरिमरला हे शहर आवडले नव्हते, ते लपत नाही.

तुर्क गेल्यावर तो किल्ला शेखांच्या कारभाराची जागा झाला. आज त्याच जागी अमीरी दिवाण, म्हणजे अमीरांचे कार्यालय, आहे. १९४९ च्या शेवटच्या दिवशी तेलाचे पहिले जहाज निघाले आणि पुढच्या तीस वर्षांत दोह्याने आपली जुनी मातीची आणि प्रवाळदगडाची घरे झपाट्याने मोडली. १९७२ च्या सुमारास ल्युलिन-डेव्हिस या ब्रिटिश संस्थेने शहराचा आराखडा केला, पुढे समुद्रात भराव पडला. कोलब्रुक आणि ब्रक्स यांनी ज्या किनाऱ्यावरून अंतरे मोजली तो किनाराच सरकला. म्हणून जुना नकाशा आजच्या शहरावर ठेवताना आधी पाण्याची जुनी कड शोधावी लागते, मग गढ्या.

कागदात नसलेले जमीन सांगते. दोह्याच्या मुशैरिब भागात जतन केलेल्या चार घरांपैकी रदवानी घर हे १९२० च्या दशकातले. २०१२ च्या अखेरीस तिथे उत्खनन सुरू झाले, मध्य दोह्यातले ते पहिलेच. घराच्या जमिनीखाली त्याहून जुन्या घराच्या भिंती आणि मातीची भांडी मिळाली. ज्या माणसांना कोलब्रुकने मोजणीत धरले नाही, त्यांचे असे सामान बिद्द्यात शोधायचे तर दिवाणाची आवारे, रस्ते आणि भराव यांच्या मधे जिथे जुनी जमीन शिल्लक आहे तिथेच खणावे लागेल. ती जमीन कुठे आहे, याचा सर्वांत जुना मोजलेला आधार आजही १८२३ चा तो नकाशा आहे.