पैसा फंडापासून कृतज्ञता निधीपर्यंत

गेल्या वर्षी विसर्जनानंतर हिशेबाची सभा झाली, ती बहुतेकांना आठवत असेल. कोषाध्यक्षांनी शिल्लक वाचून दाखवली आणि नेहमीप्रमाणे चर्चा रंगली. कोणी म्हणाले, पुढच्या वर्षी मखर मोठे करू. कोणी म्हणाले, स्वतःचे साउंड सिस्टिम घेऊन टाकू, दरवर्षीचे भाडे वाचेल. एका वहिनींनी सुचवले की एखाद्या संस्थेला द्या. त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा आला आणि विषय तिथेच राहिला.

मी त्या सभेत गप्प होतो, कारण मला आमचा वॉटर कूलर आठवत होता. काही वर्षांपूर्वी आपण शहराबाहेरच्या एका छोट्या वसतिगृहाला कूलर दिला होता. फोटो काढले, नावाची पाटी लावली. पुढच्या उन्हाळ्यात मी कामानिमित्त त्या बाजूला गेलो, तर कूलर कपड्यात गुंडाळून कोपऱ्यात उभा! तिथल्या दीदी संकोचून म्हणाल्या, "भैया, कूलर तो बहुत अच्छा है, पर बिजली का बिल कौन भरेगा?" चूक त्यांची नव्हती. आम्ही विचारलेच नव्हते.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे. लोकांकडून पैसा कसा गोळा करायचा हे आपल्या समाजाला चांगले ठाऊक आहे. १८९३ मध्ये लोकमान्यांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला बळ दिले तेव्हापासून आपण वर्गणीच तर मागतो आहोत! पण गोळा झालेला पैसा द्यायचा कसा, कोणाला, कशासाठी, याचाही महाराष्ट्रात एक इतिहास आहे. मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा घेऊन रेल्वेत लागलेला माणूस. तरी जे वाचले ते आपल्यापुढे ठेवतो.

सुरुवात पैसा फंडापासून करतो. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे या गृहस्थांच्या मनात आले की स्वदेशी उद्योगासाठी श्रीमंतांच्या दारात कशाला जायचे? प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा. तेव्हाचा पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग. म्हणजे एक रुपया जमवायला चौसष्ट माणसांपुढे हात पसरायचा! हिशेबी माणूस हसेल, पण काळ्यांनी गावोगाव फिरून ते केले, आणि टिळकांनी या फंडाला पाठबळ दिले. १९०८ मध्ये तळेगावला या पैशातून काचेचा कारखाना उभा राहिला. मुंबई-पुणे लाइनवरचे तळेगाव स्टेशन आपल्यापैकी कित्येकांनी गाडीच्या खिडकीतून पाहिले असेल. परदेशात काचविद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे तिथले काम सोपवण्यात आले. मला त्यातली मोलाची गोष्ट वाटते ती अशी की हा कारखाना काचेच्या वस्तूंबरोबर कारागीरही घडवत होता. इथे शिकलेली माणसे पुढे देशात ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेली. लोकांचा पैसा भट्टीत गेला तसा माणसांच्या हातातही गेला.

आता मधली बरीच वर्षे ओलांडून १९८० च्या दशकात येऊ. तोपर्यंत महाराष्ट्रात देणगी देण्याच्या रीती बदलल्या होत्या. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी लेखन व प्रयोगांतून मिळालेला पैसा आपल्या फाउंडेशनमार्फत कितीतरी संस्थांना दिला. डॉ. अनिल अवचटांचे गर्दविषयीचे लेख वाचून त्यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि १९८६ मध्ये पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. पण तो एका दांपत्याचा मोठेपणा होता. पु. ल. प्रत्येक जिल्ह्यात कुठून आणायचे?

त्याच दशकात दुसरा एक प्रयोग झाला. माझ्या मते आपल्यासारख्यांनी शिकावे असे सर्वांत जास्त त्यातच आहे. तो म्हणजे सामाजिक कृतज्ञता निधी. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर ही मंडळी त्यात होती. विचार साधा होता. खेड्यापाड्यांत, आदिवासी भागांत, झोपडपट्ट्यांत पूर्णवेळ काम करणारे कार्यकर्ते आहेत. नोकरीधंदा सोडून ते समाजाचे काम करतात, मग त्यांचे घर कोणी चालवायचे? त्यांना दान नको, समाजाने कृतज्ञता म्हणून दरमहा मानधन द्यावे. नावातच सगळे आले.

पैसा उभा करण्यासाठी या कलावंतांनी आचार्य अत्र्यांचे 'लग्नाची बेडी' रंगमंचावर आणले. लागू, निळूभाऊ, तनुजा अशी नामवंत मंडळी एका नाटकात, आणि उत्पन्न निधीला! महाराष्ट्रभर प्रयोग झाले. लोक तारे पाहायला आले, पोट धरून हसले आणि जाताना कुठल्यातरी अनोळखी कार्यकर्त्याच्या घरखर्चाला हातभार लावून गेले. जमलेली रक्कम खर्च न करता ठेव म्हणून ठेवायची आणि तिच्या व्याजातून मानधन द्यायचे, अशी योजना होती.

ही योजना वाचली तेव्हा मला आमचा गँगमन आठवला. आता त्याला ट्रॅकमेंटेनर म्हणतात, पण जुन्या माणसांच्या तोंडी गँगमनच. नवी लाइन टाकली की फीत कापायला पाहुणे येतात, पेपरात फोटो येतो. पण गाडी रोज सुखरूप धावते ती उन्हातान्हात चावी-हातोडा घेऊन चालणाऱ्या माणसामुळे, आणि त्याच्या पगाराचे उद्घाटन कोणी करत नाही. आपल्या तेलीबांध्यावरून धमतरीला जाणारी छोटी लाइन शंभरावर वर्षे चालली ती अशाच माणसांच्या जिवावर. आज तिच्या जागेवरून एक्सप्रेसवे गेला आहे. सामाजिक संस्थांचेही तसेच. इमारत, कूलर, संगणक द्यायला हौशी दाते मिळतात, पण वॉर्डनचा पगार, विजेचे बिल, हिशेबनिसाचे मानधन द्यायला कोणी पुढे येत नाही, कारण त्यावर पाटी लावता येत नाही! कृतज्ञता निधीने नेमके तेच द्यायचे ठरवले.

या पद्धतीला एक कच्चा दुवाही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. त्या काळी बँका मुदत ठेवीवर १० टक्क्यांच्या आसपास व्याज देत. आज ६ ते ७ टक्के मिळाले तरी पुष्कळ, आणि महागाई थांबलेली नाही. तेव्हा ठेव ठेवली म्हणजे कायमची चिंता मिटली असे होत नाही, तिच्यात भर घालत राहावे लागते.

सातासमुद्रापलीकडच्या मराठी माणसांचाही उल्लेख करायला हवा. अमेरिकेत १९७८ मध्ये महाराष्ट्र फाउंडेशन स्थापन झाले. तिथे स्थायिक झालेल्या मराठी लोकांकडून देणग्या घेऊन त्या महाराष्ट्रातल्या संस्थांपर्यंत पोचवणे हे त्याचे मुख्य काम. १९९४ पासून साहित्यासाठी आणि पुढे समाजकार्यासाठीही त्यांनी पुरस्कार सुरू केले. त्या पुरस्कारांमुळे आडगावात काम करणारी कितीतरी माणसे पहिल्यांदा चार लोकांपुढे आली.

परदेशी पैशाला मात्र आता फाटके पुष्कळ आहेत. विदेशी देणगीचा कायदा मूळ १९७६ चा, २०१० मध्ये तो नव्याने झाला आणि २०२० मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. पूर्वी परवाना असलेली मोठी संस्था बाहेरून आलेला पैसा परवाना असलेल्या दुसऱ्या संस्थेला देऊ शकत असे. दुरुस्तीनंतर ते बंद झाले. पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. नवा परवाना हवा तर सर्वसाधारणपणे संस्था किमान तीन वर्षे जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिने १५ लाख रुपये कामावर खर्च केलेले हवेत. पैशावर देखरेख हवी हे मान्य. पण ज्या वसतिगृहाला विजेचे बिल जड जाते, ते तीन वर्षांत १५ लाख कुठून दाखवणार? डॉलर त्याच्या दारापर्यंत पोचणार नाही. आपली वर्गणी पोचू शकते, इथून स्कूटरने अर्ध्या तासात.

म्हणून मी घरी बसून थोडा हिशेब केला. एक लाख रुपये ठेव ठेवली, ७ टक्के व्याज धरले, तर वर्षाला ७,००० म्हणजे महिन्याला ५८३ रुपये. त्यात कोणाचे मानधन निघणार नाही. पण १०० घरांनी महिन्याला ५० रुपये दिले तर महिन्याला ५,००० आणि वर्षाला ६०,००० होतात. पैसा फंडाच्या मानाने आपण फारच थोड्या दारांवर जाणार आहोत! त्यातून एका वॉर्डनच्या मानधनाचा मोठा भाग किंवा एका संस्थेचे वीजबिल निघेल. मात्र एका वर्षापुरते देऊन चालणार नाही, निदान तीन वर्षे सलग द्यावे लागेल, म्हणजे त्या माणसाला भरवसा वाटेल. दर तिमाहीला कार्यकारिणीतल्या दोघांनी जाऊन यावे आणि काय हवे ते आधी विचारावे. जमाखर्च पुढच्या स्मरणिकेत छापावा. पाटी नको.

यावर मतभेद होतील, व्हायलाच हवेत. हा चंदा की वर्गणी, असे आमच्या घरातली मुले विचारतातच. शिवाय दरमहा घरोघरी जाणार कोण, हाही प्रश्न आहे. मी माझी गल्ली घेतो. हिशेबाची सभा अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी आहे. मी त्या कूलरच्या पावतीची झेरॉक्स घेऊन येणार आहे.