पोकळीच्या भरवशावर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

संध्याकाळी कऱ्हाडहून भाजी भरून निघालेली एखादी जुनी डिझेल पिकअप रात्री कुंभार्ली घाट उतरू लागते. उतार लागला की काही चालक इंजिन बंद करतात. गाडी आपोआप पळते, तेवढंच डिझेल वाचतं, असा साधा हिशेब. पहिल्या वळणावर ब्रेक नेहमीसारखा लागतो. दुसऱ्या वळणावर जरा जड वाटतो. तिसऱ्या वळणाला पेडल दगडासारखं होतं आणि चालक ओरडतो, 'ब्रेक फेल!' खरं म्हणजे ब्रेक फेल झालेला नसतो. ब्रेकला मिळणारी मदत संपलेली असते. ही मदत कुठून येते आणि कशी संपते, हे समजून घ्यायचं तर आपल्याला आधी रेल्वेच्या रुळांवर जावं लागेल.

12 जून 1889. आयर्लंडमधल्या आर्मा गावाहून मुलांना सहलीला घेऊन निघालेली गाडी चढावर अडकली. तिला ब्रेक होता व्हॅक्यूमचा, पण साध्या पद्धतीचा. इंजिनाने नळीतली हवा ओढून घेतली, पोकळी तयार झाली, की ब्रेक लागायचा. नळी सुटली, हवा आत शिरली, की ब्रेकही सुटायचा. कर्मचाऱ्यांनी ठरवलं, गाडीचे दोन भाग करू आणि पुढचा भाग आधी वर नेऊ. डबे सोडवले, नळी सुटली आणि मागच्या डब्यांचा ब्रेक गेला. उरला गार्डाच्या डब्यातला हातब्रेक आणि चाकांमागे लावलेले दगड. एका धक्क्याने चाकं दगडांवरून गेली, डबे उताराला लागले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. 80 जणांचा जीव गेला. त्यांत मुलं पुष्कळ होती.

त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला आणि प्रवासी गाड्यांना 'आपोआप लागणारा' ब्रेक सक्तीचा झाला. या ब्रेकमध्ये हिशेब उलटा असतो. पोकळी ब्रेकला मोकळं धरून ठेवते. ती गेली की ब्रेक लागतो. आपल्याकडच्या रेल्वेतही अनेक दशकं हाच व्हॅक्यूम ब्रेक होता. धोक्याची साखळी ओढली की फुस्स आवाज होऊन गाडी थांबायची, ते जुन्या प्रवाशांना आठवत असेल. तो आवाज नळीत शिरणाऱ्या हवेचा. पुढे रेल्वेने हवेच्या दाबाचे ब्रेक आणले, पण 'बिघडलं तर थांबायचं' हे तत्त्व कायम राहिलं.

मोटारीत मात्र पोकळी वेगळ्या कामासाठी आली. 1920 नंतर गाड्या जड आणि वेगवान होऊ लागल्या. नुसत्या पायाचा जोर पुरेना. बेल्जियमचे अभियंते अल्बेर देवांद्र यांनी पोकळीची मदत घेणारा ब्रेक तयार केला आणि 1927 मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीने तो बाजारात आणला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या जीएमसी अडीच टनी ट्रकवर अशीच व्हॅक्यूमची मदत होती. पुढे ती छोट्या मोटारींत आणि पिकअपमध्ये सर्रास आली.

बॉनेट उघडलं की चालकाच्या बाजूला एक गोल, काळा, पत्र्याचा डबा दिसतो. तो बूस्टर. त्याच्या आत रबराचा पडदा असतो. पाय पेडलवर नसताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना पोकळी असते. पेडल दाबलं की एक व्हॉल्व्ह उघडतो आणि मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते. ती पडद्याला पुढे ढकलते. पडद्याचा व्यास 25 सेंटीमीटर धरला, तर पूर्ण नव्हे, वातावरणाच्या दाबाच्या सहा दशांश जोर मिळाला तरी तो 300 किलोंच्या आसपास भरतो. पेट्रोल इंजिन हवा ओढताना ही पोकळी फुकट देतं. डिझेल इंजिन तशी देत नाही, म्हणून त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या अनेक जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला असतो. इंजिन बंद, म्हणजे पंप बंद. डब्यात उरलेली पोकळी दोन-तीनदा ब्रेक दाबेपर्यंतच पुरते.

आता बिघाड ओळखायचा कसा? गाडी सपाट जागी उभी करा, न्यूट्रल करा, चाकांना ओट लावा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे उरलीसुरली पोकळी संपेल. मग पेडल दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं, तर मदत पोचत नाही. दुसरी परीक्षा: मिनिट-दोन मिनिटं इंजिन चालवून बंद करा आणि थोडं थांबून पेडल दाबा. पहिल्याच वेळी ते दगड लागलं, तर पोकळी कुठेतरी गळते आहे. तिसरी: इंजिन चालू असताना पेडल दाबून धरा, इंजिन बंद करा आणि अर्धा मिनिट तसेच राहा. पेडल पायाला वर ढकलू लागलं, तर बूस्टरमध्येच गळती आहे. दाबून धरल्यावर सतत फुसफुस ऐकू आली, तर संशय पडद्यावर किंवा व्हॉल्व्हवर.

शोध मात्र स्वस्तापासून सुरू करावा. आधी रबरी पाइप. तो बाहेरून धड दिसतो आणि आतून फुगून बंद झालेला असतो. मग त्यावरचा एकतर्फी व्हॉल्व्ह. काढून फुंकला तर हवा एकाच दिशेने गेली पाहिजे. मग पंप, आणि शेवटी बूस्टर. एक फरक लक्षात ठेवावा. पेडल दगड झालं, तर पोकळीचा दोष. पेडल स्पंजसारखं लागलं, तर ब्रेक ऑइलमध्ये हवा. पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर मास्टर सिलिंडर किंवा ऑइलची गळती. बाहेर थेंब दिसत नाही आणि ऑइल तर कमी होतंय, असं असेल तर मास्टर सिलिंडरमागून ते बूस्टरमध्ये उतरत नाही ना, हे बघावं.

आर्माच्या अपघातानंतर रेल्वेने आपल्या ब्रेकचा स्वभाव बदलला. मोठ्या एअरब्रेकच्या ट्रकमध्येही हवा गेली की स्प्रिंग चाकं धरून ठेवतात. आपल्या पिकअपचा बूस्टर मात्र अजून त्या साध्या ब्रेकच्या जातीचा आहे. पोकळी गेली की तो गाडी थांबवत नाही, मुकाट बाजूला होतो. अशा वेळी ब्रेक पुन्हा पुन्हा मारू नये. पेडलवर पूर्ण ताकदीने एकदाच दाब द्यावा आणि तो सोडू नये, गिअर खाली आणावा, हातब्रेक हळूहळू ओढावा. ऑइलचा ब्रेक जागेवरच असतो, त्याला फक्त पायाचा जोर जास्त लागतो.

आणि घाटात इंजिन चालूच ठेवावं. वाचलेलं डिझेल एखाद्या लिटरचं असतं. या परीक्षांना घाटाच्या माथ्यावर, चहाच्या टपरीपाशी, पाच मिनिटं पुरतात.