शनवारचा घाणा

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून जाताना माझी नजर हटकून एका इमारतीकडे वळते. १८७९ सालचे हे बेने इस्रायल लोकांचे प्रार्थनामंदिर. नाव 'शआर हशामायिम', म्हणजे स्वर्गाचे द्वार. कधी भाद्रपदी, पण बहुधा आश्विनी पौर्णिमेच्या सुमारास यहुद्यांचा मांडवांचा सण येतो. पक्क्या घरात राहणारी माणसे त्या दिवसांत पाल्याच्या मांडवाखाली बसतात. वरून चांदणे दिसावे, इतकेच ते छप्पर!

या सणात ठिकठिकाणी बायबलातला 'उपदेशक' हा ग्रंथ वाचतात. परंपरेने तो शलमोन राजाचा. वाडे, बागा, सोनेनाणे सारे मिळवून झाल्यावर तो म्हणतो, हे व्यर्थ आहे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ वाफ, श्वास. पण त्याचा खरा सल निराळाच आहे. घाम आपण गाळायचा. मागे ते शहाण्याच्या हाती पडेल की मूर्खाच्या, कोणी सांगावे?

हा सल आपल्या खाडीकाठालाही परका नाही. कल्याण बंदराचे नाव इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात येते. तिथल्या व्यापाऱ्यांच्या पेढ्यांचा आज मागमूस नाही. पण कल्याणच्या एका सोनाराने कान्हेरीच्या डोंगरावर भिक्षूंना पाण्याचे टाके दान दिले, ते मात्र शिलालेखात टिकले. जन्मभर सोने घडवले आणि नाव राखले पाण्याने!

बेने इस्रायलांचा कुलाब्याकडच्या खेड्यांतला जुना धंदा तेल गाळण्याचा. शनिवार हा धर्माने विसाव्याचा, म्हणून त्या दिवशी घाणा बंद. शेजारीपाजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. गंमत पाहा, सहा दिवस राबले त्यावरून नव्हे, एक दिवस थांबले त्यावरून लोकांनी त्यांना ओळखले. पुढे इंग्रजी अमलात ते नोकऱ्यांसाठी मुंबई-ठाण्याला आले. १९४८ नंतर पुष्कळजण इस्रायलला गेले. घाणे सुटले, गावे सुटली. नाव तेवढे मागे राहिले.

उपदेशकही नुसता हळहळत बसत नाही. कष्टाची भाकरी आनंदाने खाता येणे, हीच देवाची देणगी, असे तो सांगतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पणतीत तेल घालताना मला त्या थांबलेल्या घाण्याची आठवण होते. तेल काही सकाळपर्यंत पुरत नाही. पण म्हणून आपल्या घरांत पणती लावायची कोणी राहिले आहे का?