असत्यवाद्याचे कूट आणि भर्तृहरीचे उत्तर

‘मी आता बोलत आहे ते असत्य आहे.’ हे वाक्य सत्य मानावे तर ते असत्य ठरते आणि असत्य मानावे तर सत्य ठरते. इ. स. पू. चौथ्या शतकातील मिलेटसचा युबुलिडीझ हा या कूटाचा कर्ता मानला जातो. क्रीटच्या एपिमेनिडीझच्या नावावर असलेले ‘क्रीटवासी सदैव खोटे बोलतात’ हे वाक्यही पुष्कळदा याच कूटाचे उदाहरण म्हणून दिले जाते. परंतु दोहोंत भेद आहे. एपिमेनिडीझ स्वतः क्रीटवासी असल्याने त्याचे विधान सत्य असू शकत नाही. ते असत्य मानण्यास मात्र प्रत्यवाय नाही. ‘सदैव खोटे’ याचा निषेध ‘सदैव खरे’ असा होत नाही. ‘कोणी क्रीटवासी केव्हातरी खरे बोलला’ एवढाच होतो. युबुलिडीझचे वाक्य केवळ स्वतःविषयीच बोलते. तेथे ही वाट बंद आहे.

इ. स. पाचव्या शतकातील भर्तृहरीने वाक्यपदीयाच्या तिसऱ्या कांडात, संबंधसमुद्देशात, ‘मी सर्व असत्य बोलतो’ या वाक्याचा विचार केला आहे. या ‘सर्वा’त प्रस्तुत वाक्याचा समावेश वक्त्याला विवक्षित नसतो, तो केल्यास जो अर्थ सांगण्यास वक्ता प्रवृत्त झाला, तोच कळणार नाही. हे उत्तर एपिमेनिडीझच्या वाक्याला पुरते, युबुलिडीझच्या नव्हे. कारण तेथे प्रस्तुत वाक्य वगळल्यास काहीच उरत नाही. तथापि भर्तृहरी लगेच अधिक व्यापक नियम मांडतो : वाचक म्हणून प्रवृत्त झालेला शब्द त्याच वेळी वाच्य होत नाही. हा नियम मानल्यास युबुलिडीझचे वाक्य स्वतःविषयी काही सांगूच शकत नाही, आणि त्याच्या सत्यासत्यतेचा प्रश्नच मिटतो.

आल्फ्रेड टार्स्कीने १९३३ साली याच हेतूने दोन भाषा वेगळ्या केल्या : जिच्याविषयी बोलावयाचे ती, आणि जिच्यातून बोलावयाचे ती. परंतु त्याचा उपाय आकारिक भाषांपुरता होता. भर्तृहरीचा नियम नित्याच्या बोलण्यासाठी आहे, आणि तेथेच त्याची कसोटी लागते. ‘हे वाक्य मराठी आहे’ हे वाक्य स्वतःविषयीच बोलते. तरीही ते सर्वांना कळते व सत्यही आहे. शिवाय वाक्यपदीयाच्या पहिल्या कांडात तेजाप्रमाणे शब्दालाही ग्राह्यत्व आणि ग्राहकत्व अशा दोन शक्ती असल्याचे म्हटले आहे. तेव्हा या दोन कांडांतील विचारांचा मेळ कसा घालावयाचा, यावरच भर्तृहरीच्या उत्तराचे मोल ठरेल.